गोव्याच्या चाळीस आमदारांना खुले पत्र: व्यसनावरचा उपचार तालुक्यात आणा

गोवा विधानसभेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सविनय नमस्कार.

मी डिचोली तालुक्यात राहते. अठ्ठावीस वर्षे मराठी प्राथमिक शाळांतून शिकवून निवृत्त झाले. नोकरीत असताना सरकारला लिहिले ते गळक्या छपरासाठी आणि मोडक्या बाकांसाठी. आज लिहिते आहे ते माझ्या धाकट्या भावामुळे, शेजारच्या एका माणसामुळे आणि माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या एका मुलामुळे. भावाने हे पत्र छापायच्या आधी वाचले आहे आणि त्याची परवानगी आहे.

निमित्त मागच्या महिन्यातले. शेजारीण सकाळीच दारात आली आणि म्हणाली, "बाई, आज तो आपणहून डॉक्टरकडे येतो म्हणतोय. तुम्ही चला बरोबर." तिचा नवरा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसला होता. हात थरथरत होते म्हणून त्याने ते मांडीखाली घेतले होते. आम्ही तिघे जवळच्या आरोग्य केंद्रात गेलो. दीड तास रांगेत थांबलो. आमचा नंबर आल्यावर कळले की व्यसनावर बोलणारा माणूस तिथे नाही, कधी येईल ते कोणाला माहीत नाही, बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. डॉक्टर तरुण होते, वागायला चांगले होते, पण त्यांच्या दारात साठ रुग्ण उभे होते. आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी शेजारणीने पुन्हा विचारले तेव्हा तो म्हणाला, "काल आलो होतो ना?" त्यानंतर तो तयार झालेला नाही.

दारू पिणारा माणूस स्वतःहून "मला डॉक्टरकडे ने" म्हणतो तो दिवस वर्षातून एखादाच उगवतो. त्या दिवशी दार उघडे असायला हवे. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

आता भावाचे सांगते. तो खाणीवर स्वतःचा ट्रक चालवायचा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१५ मध्ये जेमतेम सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. अंगणात उभ्या ट्रकच्या टायरांतून गवत उगवले आणि बँकेचे हप्ते उगवत राहिले. आधी तो संध्याकाळी घ्यायचा, मग दुपारी आणि शेवटी सकाळी दात घासायच्या आधी. खाणी गेल्या म्हणून तो पिऊ लागला असे मी म्हणणार नाही, आधीही घ्यायचा. पण ज्या दिवसाला उद्या नाही तो दिवस घालवायला त्याला दुसरे काही मिळाले नाही, आणि आमच्या पट्ट्यात असे तोच एकटा नव्हता.

२०१९ च्या चवथीला आईने त्याला देवासमोर शपथ घातली. शनिवारी सकाळपासून त्याने थेंब घेतला नाही. आम्ही सगळे आनंदात. रविवारी मातोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळांची आरास, बांधताना त्याच्या हातात दोरी ठरेना, सुपारीचा घड दोनदा खाली पडला. आम्हाला वाटले अशक्तपणा आहे. सोमवारी रात्री आरती झाल्यावर तो मातोळीकडे बोट दाखवून ओरडला, "ताये, सोरोप पळय!" नारळ, माटाच्या शेंगा, कवंडळे यांच्यामध्ये त्याला साप लोंबताना दिसत होते. घामाने शर्ट पिळून निघेल इतका भिजला होता. आईला ओळखेना. शेजाऱ्यांपैकी कोणी भूत उतरवणाऱ्या घाडीला बोलवा म्हणाले, कोणी खोलीत कोंडून ठेवा म्हणाले, सकाळपर्यंत उतरेल. मी १०८ ला फोन केला तो भावाच्या बायकोने हट्ट धरला म्हणून. ती शहाणी ठरली, मी नाही.

बांबोळीला डॉक्टरांनी जे सांगितले ते ऐकून मी सुन्न झाले. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत असा वात, म्हणजे भ्रम, होऊ शकतो की वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. म्हणून दारू औषधाच्या आधाराने, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडवायची असते. ब१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शनही द्यावे लागते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मी डी.एड. झालेली बाई. दारू वाईट, यावर मुलांकडून किती निबंध लिहून घेतले असतील, पण दारू अशी तोडणे जिवावर बेतते हे मला कधी कोणी सांगितले नव्हते. आमच्या प्रेमानेच त्याला मारले असते. आजही गोव्यात चवथीला, शिगम्याला, ख्रिसमसच्या आधी आणि सायबिणीच्या नवसाला किती घरांत अशा शपथा घातल्या जात असतील? प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर डेंग्यूचे चित्र आहे. हे चार ओळींचे चित्र का नाही?

ही झाली पहिली तक्रार.

दुसरी तक्रार त्या उत्तराबद्दल आहे जे मी तुमच्यापैकी दोघांकडून समोरासमोर ऐकले: "गोवा केवढासा बाई! दोन तासांत कुठूनही बांबोळी." नकाशावर हे खरे आहे. ३,७०२ चौरस किलोमीटरचे आपले राज्य, बारा तालुके. पण रोजंदारीवरच्या माणसाला तो दोन तासांचा प्रवास म्हणजे एक दिवसाची मजुरी, दोन बस बदलणे आणि बायकोलाही सुट्टी. दर पंधरा दिवसांनी हे कोण करील? सत्तरीच्या किंवा काणकोणच्या टोकाच्या वाड्यांवर जाऊन एकदा विचारा. व्यसनाचा उपचार एका खेपेत होत नाही. दारू अंगातून उतरवायला आठवडा पुरतो, पण ती पुन्हा तोंडाला लागू नये म्हणून महिनोन्महिने गोळ्या, बोलणे, तपासणी, घसरला तर पुन्हा उचलणे हे चालूच राहते. माझा भाऊ पहिल्यांदा बांबोळीहून सुधारून आला आणि तीन महिन्यांत पुन्हा प्याला, कारण पुढच्या तारखा चुकल्या. तारखा चुकल्या कारण आम्ही त्या चुकवल्या. यात आमचाही दोष आहे. पण त्याच तारखा आमच्या गावापासून पाच किलोमीटरवर असत्या तर मी त्याला हाताला धरून नेले असते.

आणि लहान राज्याची दुसरी अडचण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. आरोग्य केंद्रात केसपेपर काढणारी मुलगी वहिनीच्या मावसबहिणीची सून निघते. संध्याकाळपर्यंत वाड्यावर बातमी पोचते. "बांबोळीला नेला" एवढे म्हटले की लोक मनोरुग्णालयच समजतात आणि मुलीच्या लग्नाच्या गोष्टी थांबतात. म्हणूनच हा उपचार मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या ओपीडीतच मिसळून द्यायला हवा, त्याच दाराने, त्याच रांगेत. वेगळा फलक नको, वेगळी खोली दिली तर तिच्या दारावर "व्यसनमुक्ती" लिहू नका.

हे होणार नाही असे कोणी म्हणू नये, कारण हे गोव्यातच करून दाखवलेले आहे. आपल्याच 'संगथ' या संस्थेच्या लोकांनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. ज्यांचे पिणे घातक पातळीला पोचले आहे पण पूर्ण आहारी गेलेले नाहीत अशा पावणेचारशेच्या आसपास पुरुषांची निवड केली. त्यांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर जास्तीत जास्त चार भेटींचे समुपदेशन दिले. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती, तुमच्या-माझ्या गावातली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के घातक पिण्याच्या रेषेखाली आले होते, न मिळालेल्यांत २६ टक्के. शंभरांत दहा माणसांचा फरक, चार भेटींत. २०१७ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. जगभरचे डॉक्टर गोव्याच्या आरोग्य केंद्रांबद्दल वाचतात, आणि माझी शेजारीण तशाच एका आरोग्य केंद्रातून रिकाम्या हाताने परत येते. याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

भाऊ २०१६ मध्ये, ट्रक अजून चालत असताना, खोकल्याचे औषध घ्यायला दोनदा आरोग्य केंद्रात गेला होता. "दिवसाला किती घेतोस?" एवढे जरी कोणी विचारले असते!

तिसरी गोष्ट आकड्यांची. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारू पिणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या पाच राज्यांत छत्तीसगड, त्रिपुरा, पंजाब, अरुणाचल प्रदेश आणि गोवा अशी नावे आहेत. त्याच अहवालात आहे की देशात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसलीतरी मदत मिळते, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार १८० जणांपैकी एकाला. तुमच्या सभागृहात अमली पदार्थांवर प्रश्न होतात तेव्हा मी पेपरात उत्तरे वाचते: किती छापे, किती किलो गांजा, किती रुपयांचा माल, किती अटक. हे आकडे हवेतच. पण उपचाराला आलेले किती, त्यांपैकी सहा महिन्यांनी संपर्कात राहिलेले किती, दारूने यकृत जाऊन वारलेले किती, तालुकावार किती, हे मी कधी वाचलेले नाही. पकडलेला माल तागडीत घालता येतो म्हणून आपण तोच मोजत राहिलो.

त्या मालाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे तेही सांगते. माझा एक विद्यार्थी, गणितात हुशार, पाढे उलटे म्हणायचा. बारावीनंतर किनाऱ्यावर रात्रपाळीला लागला. पहाटे चारपर्यंत जागे राहायला कोणीतरी गोळी दिली, मग झोपायला गांजा, मग पुढचे. पूर्वी आम्ही म्हणायचो, ते हणजुणेचे, परदेशी लोकांचे. आता पेडणे, डिचोली, सांगेचा मुलगा हंगामात तिथे कामाला जातो आणि हंगाम संपल्यावर ते घेऊन घरी येतो. त्याची आई माझ्याकडे आली आणि पहिला प्रश्न तिने हा विचारला: "बाई, डॉक्टरला सांगितले तर पोलीस नेतील का?" त्या भीतीने तिने सात महिने घालवले.

खरे म्हणजे कायदा तिच्या बाजूने आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच ६४अ हे कलम आहे. सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वखुशीने उपचार घेऊन ते पूर्ण करतो, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. कलम ३९ प्रमाणे न्यायालयही अशा माणसाला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकते. ही दोन कलमे मला एका वकील विद्यार्थिनीने समजावली. ती पंचायतीच्या फलकावर कोकणी-मराठीत का लागत नाहीत? पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरते अल्प प्रमाण बाळगणाऱ्याला गुन्हेगार न ठरवता एका समितीपुढे बोलवायला सुरुवात केली. त्या समितीत कायद्याची, आरोग्याची, समाजकार्याची माणसे असतात आणि ती त्याला उपचाराकडे वळवतात. आपल्याला तेवढे लांब जायचीही गरज नाही. आपल्या कायद्यात आहे ते तरी वापरा.

चौथी तक्रार लिहिताना हात जड होतो. २०२० च्या सुरुवातीला, भाऊ पुन्हा प्यायला लागल्यावर, नातेवाइकांनी सुचवले म्हणून त्याला आम्ही राज्याबाहेरच्या एका खासगी केंद्रात ठेवले. महिन्याला पंधरा हजार रुपये. दोन महिने भेटू दिले नाही. घरी आला तेव्हा मनगटांवर काळे वळ होते, रात्री चादरीने खाटेला बांधत. तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा येई, तेही सगळ्यांना रांगेत उभे करून. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था स्पष्टपणे धरलेल्या आहेत. म्हणजे अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी हवी, आणि रुग्णाला साखळदंडाने बांधणे कलम ९५ ने बंद आहे. गोव्यातली माणसे सीमा ओलांडून अशा ठिकाणी जातात कारण गावाजवळ जागा नसते आणि चांगले कोणते, वाईट कोणते हे सांगणारी यादी कोणाकडे नसते. आमच्यासारखे लोक शेजाऱ्याच्या ओळखीवर भाऊ सोपवतात. चांगले काम करणारी ठिकाणेही आहेत. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले 'मुक्तांगण' मराठी घरांना ठाऊक आहे. पण प्रत्येकाला पुण्याला जाणे झेपत नाही.

त्याच कायद्याचे कलम १८ सांगते की मानसिक आरोग्याचे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना ते मोफत, आणि जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसतील तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या केंद्रात घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने द्यायचा. आम्ही ते पंधरा-पंधरा हजार आईच्या पाटल्या मोडून भरले. जिल्ह्यातच उपचार घेऊन असा खर्च मागता येतो हे आम्हाला कोणी सांगितले नाही.

बायकांबद्दल दोनच वाक्ये लिहिते. काजूच्या हंगामात हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, घरात असतो आणि घरातली बाई पिते हे माहीत असूनही कोणी बोलत नाही. तिच्यासाठी बाई समुपदेशक आणि बाईंचा वॉर्ड नसेल तर ती मरेपर्यंत घरातच राहील. तसेच बांधकामावरचे आणि ट्रॉलरवरचे परप्रांतीय कामगार. त्यांच्याशी कन्नड किंवा हिंदीत बोलणारा माणूस लागेल.

पैशांचा प्रश्न निघेल म्हणून आधीच लिहिते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत सहाव्या नोंदीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये आहेत, आठव्या नोंदीत मादक पेये. दोन्ही तुमच्याच हातात आहेत. दारूचा परवाना आणि अबकारी कर तुम्ही घेता, मग त्या कराचा ठरावीक हिस्सा कायद्याने उपचाराला बांधून द्या. मी दारूबंदी मागत नाही. फेणी हा आपल्या मातीचा भाग आहे, काजूवर पोटे भरणारी माझी सख्खी माणसे आहेत. ज्याला ती सोडायची आहे त्याला सोडता यावी एवढेच मागते.

मागण्या अशा:

१. बाराही तालुक्यांत किमान एका सरकारी आरोग्य केंद्रात आठवड्याचे सहाही दिवस प्रशिक्षित व्यसन समुपदेशक. पद रिकामे झाले तर तीस दिवसांत भरावे, तोवर शेजारच्या तालुक्यातून माणूस यावा.

२. दोन्ही जिल्हा रुग्णालयांत दारू सोडवण्यासाठी राखीव खाटा, त्यांत स्त्रियांसाठी वेगळ्या. रात्री आणि सणाच्या दिवशी सुद्धा दाखल करून घेण्याची सोय.

३. औषधे तालुक्यात मिळावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही दारूवरची औषधे अत्यावश्यक यादीत घातली. अफूजन्य पदार्थांवरचे ब्युप्रेनॉर्फिन त्या यादीत कधीचे आहे. १०८ च्या प्रत्येक गाडीत नॅलोक्सोनचे इंजेक्शन असावे. हेरॉईनसारख्या पदार्थाच्या अतिमात्रेत श्वास थांबतो तेव्हा ते जीव वाचवते, आणि उपचार घेऊन आलेला मुलगा पुन्हा घसरला तर जुनीच मात्रा त्याला मारू शकते, कारण शरीराची सवय मोडलेली असते.

४. नोंदणीकृत केंद्रांची यादी, प्रत्येकाची शेवटची तपासणी कधी झाली त्या तारखेसह, दर तीन महिन्यांनी जाहीर करावी. खर्च परत मिळण्याचा अर्ज मामलेदार कचेरीत ठेवावा.

५. कलम ६४अ ची माहिती आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक प्रत्येक पंचायतीत, शाळेत, बसस्थानकावर आणि बारमध्येही लावावा. दारू एकदम तोडू नका, आधी डॉक्टरांना भेटा, ही ओळ सर्वांत मोठ्या अक्षरांत.

भाऊ २०२१ पासून गोळ्या आणि तपासणी चुकवत नाही, आठवड्याला मद्यमुक्तांच्या बैठकीला जातो. या पत्राच्या पहिल्या खर्ड्यात मी "तो बरा झाला" असे लिहिले होते. त्याने पेन घेऊन ते खोडले आणि वर लिहिले, "आज घेत नाही."

तुम्हा चाळीस जणांपैकी कोणीही एकाने पुढच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारावा. शब्द मी तयारच देते, म्हणजे वेळ जाणार नाही:

"गेल्या तीन वर्षांत राज्यातील सरकारी आरोग्य केंद्रांत व जिल्हा रुग्णालयांत दारू व अमली पदार्थांच्या व्यसनावर उपचारासाठी आलेल्या रुग्णांची तालुकावार संख्या किती, त्यांपैकी सहा महिन्यांनंतरही उपचारात असलेले किती, व्यसन समुपदेशकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि रिकामी पदे कोणत्या तारखेपासून रिकामी आहेत, हे आरोग्यमंत्री सांगतील काय?"

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली